बिनतोड

कारखान्याचा बॉयलर पेटला की कोपरगावच्या हवेला मळीचा वास चढतो. गोड म्हणावा तर नाकाला झोंबतो, आंबट म्हणावा तर तोंडाला पाणी सुटतं. बाहेरचे लोक लगेच रुमाल शोधतात. मी मात्र दिवाळीला नगरहून बसने येताना मुद्दाम खिडकी उघडतो, छाती भरून वास घेतो, आणि दरवर्षी न चुकता माझं तोंड कडू होतं. बायकोला वाटतं, ॲसिडिटी आहे. मी तिला तसंच वाटू दिलंय.

हंगाम सुरू झाला की आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न. सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, अगदी मयतीला बसल्यावरसुद्धा. "तोड आली का?" म्हणजे तुमचा ऊस तोडायला कारखान्याने टोळी पाठवली का. चिटबॉय चिठ्ठी घेऊन बांधावर येईपर्यंत ऊसवाल्याच्या जिवाला चैन नसते. आमच्या घरी यातलं काहीच नव्हतं. आजोबा पंचांग बघायचे, वडील हायस्कुलात क्लार्क, आणि जमीन म्हणाल तर अंगणातली तुळस. तरीही "तोड आली का" हे शब्द कानावर पडले की मी चटकन विषय बदलतो. कारण मला एकदा एक तोड सापडली होती, आणि ती मी कुणालाही सांगितली नाही.

ती उसाची नव्हती. व्हिडिओ गेमची होती. हसा खुशाल, मीही कितीतरी वर्षं हसून वेळ मारून नेली.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी अकरावीत होतो. स्टँडजवळ बबनशेठचं कॅसेटचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे पडदा लावून त्याने तीन मशिनं ठेवून गेम पार्लर काढलं होतं. एकावर विमान, एकावर मोटारी, आणि तिसऱ्यावर मारामारी. पहिल्या दोन्हींकडे कुणी ढुंकून बघत नसे. तिसऱ्यापुढे मात्र दुपारी कॉलेज सुटलं की ही झुंबड. काचेच्या कडेवर आपलं टोकन ठेवलं की नंबर लागला. हरला तो बाजूला, जिंकला तो दांडीवर, म्हणजे जॉयस्टिकवर, कायम. पडद्यामागे उदबत्तीचा, घामाचा आणि तापलेल्या वायरींचा वास एकत्र झालेला असे, आणि बाहेरून ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या जाऊ लागल्या की काच थरथरायची.

त्या गेममधल्या माणसांची खरी नावं आम्हाला वाचता येत नव्हती, म्हणून आम्हीच बारसं केलं. पिवळ्या चड्डीवाला तो पैलवान. वेणीवाली ती मावशी. तोंडातून जाळ काढणारा तो बंब. डावांची नावं मात्र थेट तालमीतून आली. बबनशेठ तरुणपणी कुस्त्या करायचा, त्यामुळे पैलवानाने समोरच्याला उचलून खांद्यावरून आपटलं की तो गल्ल्यावरून ओरडायचा, "हाण्णा! धोबी!" डाव आणि तोड, ही त्याची भाषा आमची झाली. कुणी नवा डाव काढला की दुसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी त्याची तोड काढायचा, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ती यायची. हे सारं एवढं साधं आणि एवढं सुंदर होतं की आज आठवलं तरी अंगावर रोमांच उभे राहतात.

कायदे माझ्याकडे असत. आजोबांमुळे मला सगळे शास्त्री म्हणायचे. "काय शास्त्री, हे चालतंय का?" असं कुणी विचारलं की मी क्षणभर डोळे मिटायचो, मग निकाल द्यायचो. शेजाऱ्याचं बटण दाबणं रडी. आघाडी घेऊन वेळ संपेपर्यंत पळत राहणं रडी. रडी म्हणजे खेळातली लबाडी, आणि ती करणारा तो रड्या. हे नियम मी वडिलांसारख्या वळणदार अक्षरात ड्रॉइंग पेपरवर लिहिले होते आणि बबनशेठने तो कागद लक्ष्मीच्या फोटोखाली चिकटवला होता. मला त्याचा केवढा तोरा होता, काय सांगू.

मिलिंद माझ्याच वर्गात होता. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायचा, वडील कारखान्यात हंगामी कामगार. फार बोलायचा नाही. बाकीचे आल्या आल्या टोकन आपटायचे, हा तासभर नुसता मागे उभा राहून बघायचा आणि मग एकदाच खेळायचा. त्या हंगामात त्यानेच तो डाव काढला. समोरच्याला ढकलत ढकलत पडद्याच्या कोपऱ्यात न्यायचं, धोबी मारायचा, आणि तो उठतोय तोवरच पुन्हा धोबी मारायचा. पुन्हा उठला, पुन्हा धोबी. कोपऱ्यात सापडलेला माणूस आपटून आपटून संपायचा, त्याला हात हलवायलासुद्धा सवड मिळायची नाही.

पहिल्या दिवशी सगळे वेडे झाले. बबनशेठने त्याला स्वतःहून चहा पाजला. दुसऱ्या दिवशी मिलिंद एकदाही हरला नाही. तिसऱ्या दिवशी कुरकुर सुरू झाली. चौथ्या दिवशी मी त्याच्याकडून लागोपाठ तीनदा हरलो, आणि तेही वर्गातल्या पोरींचे भाऊ मागे उभे असताना. माझे कान असे तापले होते की बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.

पुढच्याच आठवड्यात, रविवारी, बबनशेठने सामने ठेवले होते. जिंकणाऱ्याचं नाव पेंटरकडून फळीवर रंगवून दुकानावर लागणार होतं. स्टँडवर उतरणारा प्रत्येक माणूस ते नाव वाचणार! आम्हाला त्यापुढे बारावीचा निकाल किस झाड की पत्ती वाटायचा. सामन्यांच्या आठ दिवस आधी, शनिवारी दुपारी कुणीतरी विचारलं, "शास्त्री, हे कोपऱ्यातलं धोबी चालतंय का?" मी डोळेसुद्धा मिटले नाहीत. म्हणालो, "याला तोड नाही. जो डाव बिनतोड, तो रडी."

"तोड काढा की मग," मिलिंद म्हणाला. "लई तर चार दिस झालेत."

"असती तर निघाली असती," मी म्हणालो.

सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिथल्या तिथे पेन मागितलं आणि कागदावर खाली ओळ वाढवली: कोपऱ्यात लागोपाठ धोबी मारण्यास सक्त मनाई आहे. मिलिंदने ती ओळ नीट वाचली आणि पडदा सारून निघून गेला.

यंदा दिवाळीत माझी लेक सई माळ्याच्या जिन्यावर बसून फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडत होती. ती कसलातरी गेम खेळते, जगभरची पोरं मिळून. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "बाबा, आमच्यात एका मूव्हवर बॅन होता. तो उठवायचा का, यावर चर्चा चाललीये. एकाने त्याचा काउंटर शोधलाय, व्हिडिओ टाकलाय." मी म्हटलं, ज्याची मूव्ह होती त्यानेच शोधला असेल. "छे! त्याच्याकडून सगळ्यात जास्त हरणाऱ्याने. बॅन उठला तर बिचारा परत हरणार." मी म्हटलं, मग मूर्ख आहे. सईने कानातला इअरफोन काढला. "मूर्ख काय बाबा? कळल्यावर सांगायलाच लागतं ना!" एवढं बोलून ती पुन्हा फोनमध्ये गेली. मी गच्चीवर कपडे काढायला गेलो. कारखान्याची काजळी पडून माझे पांढरे शर्ट ठिपक्या ठिपक्यांचे झाले होते. ते झटकत मी उगाचच बराच वेळ वर थांबलो.

कारण मला बंदीनंतर अवघ्या एका दिवसात कळलं होतं.

बंदीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी पडद्यामागे कुणी नव्हतं. मी मशीनच्याच पैलवानाशी सराव करत होतो. त्याने मला कोपऱ्यात घेतलं, धोबी मारला. अशा वेळी सगळे काय करतात? दांडी मागे ओढतात, जीव वाचवायला. मीही ओढायला गेलो, पण तळहात घामाने ओला होता, दांडी निसटली आणि पुढे गेली, त्याच्याच दिशेने. धडपडीत दोन्ही बटणं एकदम दाबली गेली. आणि माझ्या गड्याने उठता उठता पैलवानाला असा काही हिसडा दिला की तो पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला. मी पुन्हा मुद्दाम कोपऱ्यात गेलो. पुन्हा जमलं. चार वेळा केलं, चारही वेळा जमलं. मागे ओढायचंच नाही, पुढे जायचं. एवढीच तोड होती.

आई शप्पथ सांगतो, पहिला क्षण निव्वळ आनंदाचा होता. मी बबनशेठला हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं. मग लक्ष्मीच्या फोटोखालचा कागद दिसला. तोंड तसंच मिटलं.

पुढचे आठ दिवस मी स्वतःची समजूत घालण्यात घालवले. मशीनचा पैलवान वेगळा, माणसाचा वेगळा. एकदा नियम झाला की झाला. सामने होऊन जाऊ देत, मग सांगू. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो, हे मला त्या आठ दिवसांत कळलं. मिलिंद रोज यायचा. खेळायचा नाही. माझ्या मागे उभा राहायचा आणि जाताना विचारायचा, "काय शास्त्री, काय नवीन?" मी म्हणायचो, "काही नाही रे." मला वाटायचं, याचा राग गेला वाटतं. मनातून बरं वाटायचं मला.

सामन्याच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रॉली रस्त्याकडेला लावून एक ट्रॅक्टरवाला उसाचं कांडं चघळत आत घुसला होता आणि "लई भारी! हाना त्याला!" असं दोघांनाही ओरडत होता. शेवटून दुसऱ्या लढतीत माझ्यासमोर मिलिंद आला. तो कोपऱ्यातल्या डावाशिवाय खेळत होता, तरी मला भारी जात होता. शेवटच्या फेरीत त्याने मला ढकलत कोपऱ्यात नेलं आणि एक धोबी मारला. एक मारायला परवानगी होती. माझा गडी उठत होता आणि मला दिसलं की मिलिंदचा हात सवयीने पुन्हा त्याच डावाकडे चालला आहे. मुद्दाम नव्हे. इतके दिवस घोटलेला हात, तो काय कागद वाचून चालतो?

माझा हात दांडीवर होता. पुढे ढकलायची, दोन बटणं दाबायची, बस्स. मी सुटलो असतो, कदाचित जिंकलोही असतो. पण मग सगळ्यांनी तोड पाहिली असती, आणि तो डाव रडीचा नव्हता हे सगळ्यांना कळलं असतं. मी दांडी सोडली. दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "रडी! रडी!"

माझा गडी धाडकन आपटला. आणि मग सगळं पार्लर ओरडायला लागलं, "रड्या! रड्या!" ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तो ट्रॅक्टरवालासुद्धा ओरडत होता. बबनशेठने माझ्याकडे बघितलं. कायदा माझा होता ना! मी म्हणालो, "बाद." मिलिंद दांडी धरून उभाच होता. तो पडद्याकडे बघत नव्हता, माझ्या वर केलेल्या हातांकडे बघत होता.

शेवटची लढतही मीच मारली, आणि फळीवर माझं नाव लागलं. त्याचं नाव दुसऱ्याच दिवसापासून रड्या झालं. कॉलेजात, क्रिकेटच्या मैदानावर, प्रॅक्टिकलच्या रांगेत. वाईट हेतूने नसेल, आपल्याकडे कुणाला लंगड्या म्हणतात, कुणाला काळ्या. पण शब्द तर तोच ना. मीही त्याला रड्याच हाक मारायला लागलो, कारण मी एकट्यानेच मिलिंद म्हटलं असतं तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

एक गोष्ट मी पुष्कळ वर्षं बाजूला ठेवली, ती आता सांगतो. त्या पडद्यामागे कुणी कधी जात काढली नाही. शपथेवर सांगेन. पण मी रडी म्हणालो आणि सगळ्यांना ते लगेच पटलं. मला पुरावा कुणी विचारला नाही. उद्या मिलिंदने उठून माझ्या एखाद्या डावाला रडी म्हटलं असतं, तर? तो कागद त्याच्या अक्षरात लक्ष्मीच्या फोटोखाली लागला असता का? मला याचं उत्तर ठाऊक आहे, आणि ते त्या दिवशीही ठाऊक होतं. त्याच जोरावर मी एवढा मोठ्याने ओरडलो.

भाऊबीज झाल्यावर मी मिलिंदला फोन केला. तो जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. हंगामात त्याला उसंत नसते, म्हणून मीच लॅबमध्ये गेलो. पांढरा कोट, चष्मा, टेबलावर रसाचे नमुने भरलेल्या नळ्या. हाताखालच्या लोकांशी तो छापील मराठीत बोलत होता, मला बघितल्यावर मात्र भाषा जुनी झाली. "आरं शास्त्री! वाट कशी चुकलास?"

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तोड, घामाचा हात, आठ दिवस, सगळं. तो नळी उजेडात धरून बघत राहिला. वहीत आकडा लिहिला. मग म्हणाला, "म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"तू तोड काढली हुती ते. मी पडद्यापाशी हुतो. काचंत दिसलं. चार बारी केलंस तू."

मी स्टूल ओढून बसलो. "मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर पोरं म्हनली असती, बघा, रड्याचं रडगानं. तू बोलायला पायजे हुतं." त्याने नळी जाळीत ठेवली. "रोज यायचो मी. वाटायचं, आज बोलंल."

मी कसाबसा म्हणालो, "माफ कर, मिलिंद."

"माफीचं काय लोनचं घालू?" तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "परवा आपल्या ग्रुपवर कुनीतरी माझ्या वाढदिवसाला टाकलं, हॅपी बर्थडे रड्या. पोरीनं वाचलं. म्हनली, पप्पा, तुम्हाला रड्या का म्हणतात? आता काय सांगू तिला? म्हनलं, लहानपनी लई रडायचो गं."

लबाड म्हणवून घेण्यापेक्षा त्याने पोरीसमोर रडका होणं पत्करलं होतं. मी तिथून निघालो. गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यातून वाट काढताना मला काही धड दिसत नव्हतं.

घरी आल्यावर आमच्या जुन्या पार्लरवाल्या पोरांच्या ग्रुपवर मी मेसेज लिहिला. चांगला घोळवून लिहिला. "मित्रांनो, त्या वर्षी मिलिंदच्या कोपऱ्यातल्या धोबीवर आपण घातलेली बंदी चुकीची होती. त्या डावाला तोड होती. आपल्या सगळ्यांकडून मिलिंदवर अन्याय झाला. आपण सर्वांनी त्याची माफी मागायला हवी."

पाच मिनिटांत हसण्याची चित्रं आली. एकाने लिहिलं, "शास्त्रींचा सुधारित निकाल!" दुसऱ्याने लिहिलं, "जाऊ दे रे, पोरवय होतं सगळ्यांचं." तिसऱ्याने हात जोडले. बरं वाटायला लागलं मला, खरं सांगतो. मी चहा ठेवायला उठलो, आणि फोन वाजला. मिलिंद होता.

"वाचलं," तो म्हणाला. "झ्याक लिवलंयस."

"मनापासून लिहिलंय रे."

"व्हय. पण 'आपण'च्या जागी 'मी' लिव्ह."

मी हातातलं चहाचं भांडं ओट्यावर ठेवलं.

"तोड हुती म्हनून लिवलंस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "कुनाला ठावं हुती, ते लिवलंच न्हाईस."

फोन बंद झाला. सई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने विचारलं, कोण होतं? मी तिला थांब म्हणून हात केला आणि तिच्यासमोरच लिहायला लागलो. अंगठा दर शब्दाला अडखळत होता. "तोड मला सापडली होती. बंदीच्या दुसऱ्याच दिवशी. सामन्यात माझा हात दांडीवर होता. मी ती मुद्दाम सोडली आणि रडी म्हणून ओरडलो, कारण मला जिंकायचं होतं. रडी मी केली. मिलिंदने नाही."

पाठवलं. एकेक करत सगळ्यांनी वाचल्याचं दिसत होतं. या वेळी कुणीच काही लिहिलं नाही.